गाण्याभोवतीची मोकळी हवा

चांगलं ध्वनिमुद्रण कशाला म्हणायचं, या प्रश्नाचं उत्तर आमच्या भागात सहसा आवाजाच्या मोठेपणावर ठरतं. स्पीकर घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘बास कसा आहे?’ गणपतीत ज्या मंडळाच्या डॉल्बीनं खिडकीची तावदानं हलतात, ते मंडळ पुढच्या वर्षापर्यंत लोकांच्या तोंडी राहतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या नंदगडला पहाटे देवळाच्या कर्ण्यावर अभंग असतो, दिवसभर प्रत्येक खिशात फोन वाजत असतो, लग्नसराईत तर रात्रीचीही उसंत नसते. इतकं गाणं कानांवर पडूनही, नुसतं ऐकायचं म्हणून चार माणसं एका खोलीत बसली आहेत, हे दृश्य मात्र दुर्मीळ झालं आहे.

माझं म्हणणं असं आहे. गाणारा कुठे बसला आहे, खोली केवढी आहे, श्वास कुठे घेतला, तानपुरा किती मागे आहे, हे ज्यात कळतं आणि ज्यात हळू आवाज हळूच राहतो, ते चांगलं ध्वनिमुद्रण. गाण्याभोवती थोडी मोकळी हवा शिल्लक असली पाहिजे. ही कसोटी ख्याल, भजन, फिल्मी गाणं किंवा जॅझ असा भेद करत नाही. सगळ्यांना सारखी लागू पडते. म्हणून ऐकण्याची शिफारस करताना प्रकारापासून सुरुवात करू नये, मुद्रणापासून करावी. शिवाय ही सुरुवात पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांपेक्षा खानापूर तालुक्यातल्या गावात करणं जास्त सोपं आहे.

एका मुद्रणानं काय घडू शकतं, याचा पुरावा आमच्या शेजारीच आहे. गदगच्या एका शाळकरी मुलानं दुकानात वाजणारी अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी ऐकली आणि तसं गाणं शिकायचं म्हणून वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडलं. पुढे उत्तरेत वणवण करून तो परत आला आणि कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी शिकायला राहिला. भीमसेन जोशींची ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, पण ती नेहमी गुरुभक्तीची किंवा ध्यासाची म्हणून सांगतो. मला ती ऐकण्याची गोष्ट वाटते. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, त्यात सुईची खरखर, भोवती दुकानातली वर्दळ. एवढ्या सामग्रीवर त्या मुलाला सुराचा लगाव कळला. कारण दोन गोष्टी जुळून आल्या होत्या. मुलाचं सगळं लक्ष तिथे होतं, आणि तबकडीत खोटं काही नव्हतं. खाँसाहेबांचा आवाज बारीक, हळुवार, सुराला न दुखावता लावलेला. तो मोठा करून दाखवण्याचा प्रयत्न कोणी केला नव्हता.

त्या काळच्या तंत्रात मोठेपणा आणायला फारशी सोयही नव्हती. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते 1902 साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्याला आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, साथीदारांनी त्या कर्ण्याच्या मानानं जवळ किंवा लांब बसायचं. समतोल साधायचा तो बैठक बदलून. 1925 च्या सुमारास विजेवरचं मुद्रण आलं, तेव्हा हळू आवाजालाही जागा मिळाली. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज मुळातच असा की कर्णा काय आणि मायक्रोफोन काय, दोन्ही त्यांच्यासमोर तोकडे पडावेत. तरीही त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची तबकडी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत घालून सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेवर पाठवली गेली. त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांची मात्र एकही तबकडी निघाली नाही. भास्करबुवा बखल्यांचंही तेच. या दोघांच्या थोरवीविषयी आपण वाचतो, त्यांच्या शिष्यांच्या गाण्यातून अंदाज बांधतो. पण प्रत्यक्ष आवाज कायमचा गेला. मुद्रणाला दुय्यम मानणाऱ्यांनी या रिकाम्या जागेचा विचार करावा, असं मला कळकळीनं वाटतं. मैफल श्रेष्ठ खरीच, पण ती उठली की उरतं ते मुद्रणच.

तीन मिनिटांची अट गेली ती लाँग-प्ले तबकडीमुळे, आणि तिथे पहिली शिफारस अमीरखाँसाहेबांच्या मारव्याची. एच.एम.व्ही.ची ही तबकडी 1960 ची; एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात षड्जावर विसावायचं नसतं, त्याला टाळत राहायचं असतं. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये खाँसाहेब इतक्या सावकाश फिरतात की ऐकणाऱ्याचा जीव षड्जासाठी तळमळायला लागतो. आता हीच तबकडी फोनच्या स्पीकरवर लावून पाहा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल, तर तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर असते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला ती झेपतच नाही. खर्जाच्या वरचे सूर तेवढे ऐकू येतात. तबल्याचा डग्गा जवळपास नाहीसा होतो, चाटेची टिकटिक उरते. ज्या षड्जाला गायक टाळतो आहे, तो षड्ज मागे भक्कम घुमत असेल, तरच टाळण्याला अर्थ येतो. तो गेला की मारवा म्हणजे नुसते संथ, उदास आलाप. ‘शास्त्रीय गाणं कंटाळवाणं वाटतं’ म्हणणाऱ्या किती जणांनी ते अर्धं कापलेलंच ऐकलं असेल! यात दोष त्यांचा नाही. पन्नास-साठ रुपये जास्त घालून घेतलेला तारेचा साधा इअरफोनदेखील ही खालची जमीन परत मिळवून देतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि ती मुद्रण करणाऱ्यांनी निर्माण केली आहे. 1982 साली सीडी आली तेव्हा सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर ठेवता येईल, अशी सोय झाली. एवढी प्रशस्त जागा संगीताला पूर्वी कधी मिळाली नव्हती. ती वापरण्याऐवजी कंपन्यांनी ती बुजवली. गाणं रेडिओवर शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून हळू भाग वर ओढायचे, उंच भाग दाबायचे, आणि सगळं मिळून छपराला टेकवायचं. मेटॅलिका या रॉक बँडचा 2008 चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका दाबून काढला होता की चाहत्यांनीच तक्रारीची मोहीम उघडली. त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेममधली कमी दाबलेली आवृत्ती त्यांना जास्त बरी वाटली. कर्कश संगीत आवडणाऱ्या तरुणांनी केलेली ही तक्रार मला फार मोलाची वाटते. मोठ्यानं वाजणाऱ्या संगीतालाही हळू क्षण लागतात, हे त्यांना कानांनी कळलं. आपल्याकडचे अलीकडचे पुष्कळ भक्तिगीतांचे अल्बम याच रोगानं पछाडलेले आहेत. टाळ, मृदंग, सिंथेसायझर, कोरस आणि गायक सगळे एकाच रेषेत, कानाला चिकटून उभे. दहा मिनिटांत कान थकतो, आणि मग मन दुसरीकडे जातं. लक्ष देऊन ऐकायची सवय लोकांना राहिली नाही म्हणतात. लक्ष द्यावं असं काही त्या मुद्रणात शिल्लक ठेवलंय का, हेही विचारलं पाहिजे.

आता जरा दूर जाऊ. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचं ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हे मुद्रण 1992 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चॅपेलमध्ये झालं. दोघांची ओळख मुद्रणाच्या जेमतेम थोडा वेळ आधी झाली होती. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी, आणि कूडर यांचा लहान वयाचा मुलगा डुम्बेक या अरबी वाद्यावर. मुद्रक कवी अलेक्झांडर यांनी प्रत्येक वाद्याला वेगळा मायक्रोफोन न देता दोनच मायक्रोफोनांची जोडी समोर ठेवली आणि सगळं एकदम टेपवर घेतलं. नंतर दुरुस्ती नाही, भर नाही. 1994 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, पण शिफारस त्यासाठी नाही. डोळे मिटून ऐकलं तर दोघे कोणत्या बाजूला बसले आहेत ते दाखवता येतं. तारेवरून सरकणाऱ्या कांबीचा घसरता आवाज, मग तो स्वर दगडी भिंतीपर्यंत जाऊन परत येतो तो क्षण, आणि त्या परतणाऱ्या स्वराला वाट करून देण्यासाठी दुसऱ्यानं हात थांबवलेला. दोन वादक एकमेकांना ऐकत आहेत, हे आपल्यालाही ऐकू येतं. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत वाजवून नंतर जोडलेल्या संगीतात ही गोष्ट कितीही पैसे ओतले तरी येत नाही.

कॅनडाच्या काउबॉय जंकीज या मंडळींनी 27 नोव्हेंबर 1987 ला टोरांटोच्या एका चर्चमध्ये ‘द ट्रिनिटी सेशन’ केलं, तेही एकाच मायक्रोफोनभोवती बसून. कोणी पुढे सरकायचं, कोणी मागे, हे ठरवण्यात त्यांचा बराच वेळ गेला. गायिका जवळजवळ पुटपुटते, आणि तरी एकही शब्द हरवत नाही. इंग्रजी कळत नसेल तरी हरकत नाही. हळू आवाजात गाण्याला केवढी ताकद असते ते कळायला भाषा लागत नाही. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ तर जगभर शिफारशीत असतोच. 1959 मध्ये न्यूयॉर्कला, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत दोन दिवसांत झालेलं हे काम. आपल्या सुरांवर वाढलेल्या श्रोत्याला त्यातली एक गोष्ट विशेष वाटेल. पहिल्या दिवशीचं टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, म्हणून तबकडीच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ वाजवण्यापेक्षा थोडी चढी ऐकू येत होती. 1992 च्या आवृत्तीत ते सुधारलं, तोवर तेहतीस वर्षं ती तशीच विकली गेली. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ लावून ऐकाव्यात. ज्याचा कान पेटीच्या पट्टीवर तयार झालाय, त्याला फरक नक्की लागेल, आणि मूळ सुरात ते संगीत किती निवांत होतं ते उमगेल.

इतक्या परक्या गोष्टी का ऐकायच्या, असं कोणी विचारेल. ज्या प्रकारावर आपण वाढलो, त्यात कान सरावानं पुढे धावतो. सम कुठे येणार, अंतरा कधी उचलणार, हे माहीत असल्यामुळे मधलं पुष्कळसं न ऐकताच आपण ‘वा’ म्हणतो. अनोळखी संगीतात ही सोय नसते. तिथे प्रत्येक स्वर ऐकावाच लागतो. त्या सवयीचा कान घेऊन आपल्या गाण्याकडे परत आलं की ओळखीच्या तबकडीत न ऐकलेलं सापडतं. माझ्या बाबतीत असं कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांपाशी झालं. बेळगावपासून थोड्या अंतरावरच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा माणूस क्षयानं खचून पुढे देवासला जाऊन राहिला, आणि फुप्फुसाच्या मर्यादेतून त्यानं छोट्या, झटकन उठून झटकन थांबणाऱ्या स्वरवाक्यांची गायकी घडवली. भजनांच्या मुद्रणात ती वाक्यं मी अनेकदा ऐकली होती. त्यांच्यामधल्या थांबण्याकडे माझं लक्ष नव्हतं. तिथे दोन तानपुरे अखंड भरून असतात, आणि कुमारांचा पुढचा स्वर त्या भरलेल्या नादातूनच उगवतो. श्वास ऐकू येतो. तो काढून टाकायचा उद्योग मुद्रकानं केला नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेसे वाटतात.

आमच्या सीमाभागात प्रकारांच्या भिंती तशाही फार उंच नाहीत. भीमसेनांनी मराठी संतवाणी जितक्या तन्मयतेनं गायली तितक्याच तन्मयतेनं कन्नड दासपदं गायली. मल्लिकार्जुन मन्सूरांनी जयपूरचे अनवट राग गायले आणि वचनंही गायली. धारवाडची आकाशवाणी 1950 पासून आमच्या घरात दोन्ही भाषांतलं गाणं पोचवत आली. बेळगावचे रामभाऊ विजापुरे पेटीवर साथीला असले की गायक कोणत्या प्रांताचा याला महत्त्व उरत नसे. भाषेवरून इथं किती वाद झाले ते सांगायला नको. पण एकाच गायकाचा अभंग आणि दासपद एका संध्याकाळी पाठोपाठ ऐकायला कोणाची हरकत असल्याचं मी पाहिलेलं नाही. असं ऐकावंच. दोन भाषांत एकच आवाज व्यंजनं कशी वेगळी उच्चारतो, कन्नडात शब्दाच्या शेवटचा स्वर कसा मोकळा सोडतो, हे चांगल्या मुद्रणात स्पष्ट कळतं.

भावगीत आणि जुनं चित्रपटसंगीत यांबद्दल थोडक्यात. त्या काळात मायक्रोफोन मोजकेच असत, म्हणून वादकांची बैठक आखावी लागे. व्हायोलिनचा ताफा मागे, बासरी थोडी पुढे, गायिका मायक्रोफोनजवळ. हे अंतर अजून ऐकू येतं. 1955 साली पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं, तेव्हा घराघरांत माणसं ठरल्या वेळी रेडिओसमोर बसायची. एका आठवड्याला एकच गाणं, आणि मग सात दिवस तेच मनात. आज छप्पन्नही गाणी एका दमात ‘लावून’ ठेवता येतात, हे सुख आहे. पण एका बैठकीला एक किंवा दोनच ऐकली तर त्या चालींचं काम दिसतं. हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा आणि ब्रिजभूषण काब्रा यांचं 1967 चं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ही असंच. ते इतकं वाजवलं गेलंय की लोक त्याला पार्श्वसंगीत समजतात. संतूरचा स्वर विरत असताना बासरी कशी आत येते एवढ्याकडेच लक्ष ठेवून एकदा ऐका.

यंत्राबद्दल फार चिंता नको. खोलीची करा. स्लॅबच्या नव्या घरात गुळगुळीत फरशी, सपाट भिंती, सपाट छत. आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटत राहतो आणि शब्द पुसट होतात. खानापुरी कौलांचं जुनं घर यापेक्षा कितीतरी चांगलं. कौलांच्या फटींतून आवाज निसटतो, लाकडी वासे-पट्ट्या त्याला विखुरतात, सारवलेली जमीन त्याला शोषते. अशा माजघरात दोन साधे स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले आणि आपण दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसलो की अर्धं काम झालं. पावसाळ्यात मात्र याच कौलांवरचा आवाज हळू संगीताला पार गिळतो. आषाढ-श्रावणात ढोल-ताशा ऐकावा, तानपुऱ्यासाठी दिवाळीनंतरच्या रात्री राखून ठेवाव्यात. कायद्यानंही निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. ती पाळली गेली तर नंदगडच्या रात्रीत मारव्याचा ऋषभ शेजारच्या घरातही स्पष्ट ऐकू जाईल.

गावातल्या मंडळांना एक विनंती. तालुक्यातली भजनी मंडळं आजही आठवड्याला बसतात, आणि त्यांतले काही मृदंगी व गायक असे आहेत की त्यांचं मुद्रण झालं नाही तर अल्लादियाखाँसाहेबांच्या बाबतीत झालं तेच होईल. मुद्रण करताना मिक्सर आणि सहा मायक्रोफोन आणू नका. कर्णा बंद करा. एक बरा फोन किंवा छोटं रेकॉर्डर, श्रोता जिथे बसेल तिथे, जमिनीपासून हात-दीड हात उंच ठेवा. टाळ फार टोचत असतील तर टाळकऱ्यांना दोन पावलं मागे बसवा. यंत्राची बटणं फिरवू नका. आधी दोन मिनिटं घेऊन सगळ्यांनी मिळून ऐका, मग बैठक बदला, पुन्हा घ्या. टोरांटोच्या चर्चमध्ये त्या मंडळींनी दिवसभर हेच केलं होतं. देवळाचा दगडी सभामंडप, मधूनच वाजलेली घंटा, बाहेर भुंकलेलं कुत्रं, हे सगळं राहू द्या.

‘एवढा वेळ कोणाला आहे?’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. मारव्याची बाजू वीस-बावीस मिनिटांची आहे. खानापूरची बस चुकली तर पुढचीसाठी आपण याहून जास्त वेळ उभे राहतो, आणि तेवढ्या वेळात फोनवर तीस-चाळीस तुकडे सरकवतो. वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. दार लावून, फोन बाहेर ठेवून, तासाभरात तीनच गोष्टी: एक मारवा, एक परदेशी, आणि एक आपल्याच तालुक्यात मुद्रित केलेलं भजन. मधे दहा मिनिटं बोलायला, कारण ऐकलेलं शब्दांत सांगायला लागलं की पुढच्या वेळी कान अधिक नेमकं शोधतो. क्रम कसा असावा यावर मतभेद होतील. माझं मत भजन पहिलं ठेवावं असं आहे. ओळखीच्या आवाजातला आपल्याच देवळाचा सभामंडप ज्यांना ऐकू आला, ते पुढच्या मुद्रणात सांता बार्बराचं चॅपेल आपणहून शोधतील.